विश्लेषण : नारोशंकराची घंटा नाशिकला काय सांगते?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की नाशिकमध्ये दोन प्रकारच्या बातम्या फिरू लागतात. पहिली आकड्यांची असते : धरणातून इतके क्युसेक, होळकर पुलाखालून तितके क्युसेक. दुसरी बातमी गोदाकाठावरून येते : दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले. पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेले, की जुन्या नाशिककरांची नजर पुढच्या खुणेकडे वळते. ही खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. पाणी घंटेला लागले तर तो महापूर, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. वसईच्या समुद्रकाठी चर्चच्या प्रार्थनेसाठी वाजणारी ही घंटा गोदाकाठी कशी आली, ती घड्याळाचे काम कसे करी आणि सिंहस्थाच्या तोंडावर तिच्याकडे नव्याने का पाहायला हवे, याचा हा आढावा.

घंटा नेमकी कोठे आहे?

रविवार कारंज्यावरून होळकर पूल ओलांडला की पंचवटी सुरू होते. तेथून उजवीकडे गोदाकाठाला उतरून रामकुंडाच्या पुढे चालत गेले, की काठावर दगडी तटबंदीचे एक मंदिर दिसते. देव रामेश्वर असला तरी हे मंदिर ओळखले जाते बांधणाऱ्याच्या नावाने, नारोशंकर मंदिर म्हणून. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी ते १७४७ मध्ये बांधले. त्यासाठी त्या काळी १८ लाख रुपये खर्च आल्याचे सांगतात. झाशीची सुभेदारी सांभाळणारे आणि मालेगावचा भुईकोट किल्ला उभारणारे ते हेच नारोशंकर.

मंदिराच्या तटभिंतीवर मध्यभागी दगडी कमानींचा छोटा मनोरा आहे आणि त्यात ही घंटा टांगलेली आहे. घंटा कांस्याची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. म्हणजे ज्या मंदिरात ती टांगली आहे, त्याच्यापेक्षा ती २६ वर्षांनी मोठी आहे. तिचा आवाज पाच मैलांवर ऐकू येई, अशी आख्यायिका आहे. मैलांचा हिशेब बाजूला ठेवला, तरी उंचावर, उघड्यावर आणि नदीपात्राशेजारी टांगलेल्या घंटेचा आवाज एके काळी दोन्ही काठांवरच्या वस्तीला ऐकू जात असणार, हे जागेवर उभे राहिले की पटते.

ती नाशिकला कशी आली?

तिचा मूळ पत्ता वसई. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी झालेल्या तहानुसार १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढची दोन शतके ती त्यांची उत्तर कोकणातली राजधानीच होती. कोटाच्या आत एकामागोमाग एक चर्च आणि मठ उभे राहिले. वसईच्या किल्ल्यात आज गेले, तरी सेंट जोसेफ चर्चचा मनोरा उभा दिसतो. मुंबईकर सुट्टीच्या दिवशी वसईच्या किनाऱ्यावर फिरायला जातात, तेव्हा वाटेत किल्ल्यातल्या या ओस मनोऱ्यांजवळ छायाचित्रे काढतात. पण मनोऱ्यांतल्या घंटा कोठे गेल्या, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो.

त्याचे उत्तर १७३९ मध्ये आहे. बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी १७३७ पासून उत्तर कोकणात पोर्तुगिजांविरुद्ध मोहीम चालवली. तिचा शेवट मे १७३९ मध्ये वसईच्या शरणागतीने झाला. या विजयानंतर चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत लागल्या. भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेच्या घाटावर आणि पालीच्या बल्लाळेश्वराला आजही त्या पाहता येतात. मेणवलीच्या घंटेवर बाल येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. नाशिकची घंटा याच कुळातली.

या घंटांकडे दोन बाजूंनी पाहिले जाते आणि दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पोर्तुगीज राजवटीत उत्तर कोकणात देवळे पाडली गेली होती आणि धर्माच्या नावाखाली जुलूमही झाला होता. त्यामुळे चर्चची घंटा देवळात टांगणे हे त्या काळच्या मराठ्यांच्या दृष्टीने चोख उत्तर होते. दुसरीकडे, वसईच्या ख्रिस्ती गावांच्या दृष्टीने ती त्यांच्या पूर्वजांच्या रोजच्या प्रार्थनेची हाक होती.

घंटा वितळवून तोफा का केल्या नाहीत?

हा प्रश्न वाटतो तितका विचित्र नाही. घंटेचे कांस्य म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. त्यात साधारण ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील असते. कांस्याच्या तोफांत कथील कमी, साधारण १० टक्के असते. म्हणजे घंटेच्या धातूत तांबे वाढवले, की तोफेचा धातू तयार. त्यामुळे युरोपात जिंकलेल्या गावातल्या घंटांवर विजयी सैन्याच्या तोफखान्याचा हक्क मानण्याचीच प्रथा होती. गावाने पैसे भरून घंटा सोडवून घ्यायच्या, नाही तर त्या भट्टीत जायच्या.

तांबे तर मराठ्यांनाही हवेच होते. तरीही या घंटा भट्टीत न जाता देवळांत गेल्या. देवाला घंटा वाहण्याची आपली जुनी परंपरा त्यामागे होती. त्याचा एक परिणाम असा, की त्या वाचल्या. विजयाची खूण म्हणून टांगलेली वस्तू पुढे तीन शतकांपूर्वीच्या ओतकामाचा नमुना म्हणून आपल्या हाती राहिली.

देवळाची घंटा आणि चर्चची घंटा यांत फरक काय?

आपल्याकडे देवळात शिरणारा माणूस घंटा वाजवतो. ‘देवा, मी आलो आहे’ एवढाच तिचा निरोप. आरतीच्या वेळची घंटाही प्रामुख्याने आत असलेल्यांसाठी असते. चर्चची घंटा उलट बाहेर असलेल्यांसाठी वाजते. शेतात, बाजारात, होडीवर असलेल्या माणसाला ती बोलावते. म्हणूनच ती गाभाऱ्याजवळ न टांगता मनोऱ्यावर टांगतात.

घडणही त्यानुसार वेगळी असते. चर्चच्या घंटेची कड वर वळलेल्या ओठासारखी पसरट आणि जाड असते. लोळा आतून आपटतो तो याच जाड भागावर. तेथे बसलेल्या ठोक्यातून एक नाही, तर अनेक स्वर एकदम निघतात. वरचे स्वर लगेच विरतात, खालचा घुमारा मात्र बराच वेळ टिकतो आणि लांबवर जातो. घंटा जितकी मोठी, तितका स्वर खालचा.

नारोशंकराच्या घंटेचे वेगळेपण येथे आहे. ती देवळात आली, पण सभामंडपात टांगली गेली नाही. तटभिंतीवर, मनोरा करून, नदीकडे आणि गावाकडे तोंड करून ती ठेवली गेली. देव बदलला, भाषा बदलली, पण तिचे काम तेच राहिले : आत आलेल्या एकट्याला नाही, तर बाहेरच्या सगळ्यांना एकाच वेळी सांगणे.

घंटा म्हणजे घड्याळ, ते कसे?

आपण वेळ विचारतो तेव्हा ‘किती वाजले?’ असे म्हणतो. ‘किती दिसले?’ असे म्हणत नाही. म्हणजे मराठीत वेळ अजूनही कानाने कळते. ‘बारा वाजले’ याचा मूळ अर्थ बारा ठोके पडले. ‘घड्याळ’ हा शब्दही घटिकेवरून आला आहे. घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी. ती पाण्यावर ठेवली, की हळूहळू भरून २४ मिनिटांत बुडते. ही एक घटका. अशा ६० घटकांचा एक दिवस, अडीच घटकांचा एक तास आणि साडेसात घटकांचा एक प्रहर. वाटी बुडाली, की पहारेकरी धातूच्या थाळीवर ठोका देई. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार या वाटीतूनच आला. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीही पूर्वी घटिकापात्र मांडले जाई.

युरोपातही वेगळे नव्हते. इंग्रजी ‘क्लॉक’ हा शब्दच घंटा या अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दापासून आला आहे. तेथील सुरुवातीच्या यांत्रिक घड्याळांना तबकडी आणि काटे नसत. इंग्लंडमधल्या सॉल्सबरी कॅथेड्रलमध्ये १३८६ च्या सुमाराचे घड्याळ आहे. त्याला आजही तबकडी नाही, ते फक्त तासाचे ठोके देते. कॅथॉलिक गावांत सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी तीन वेळा प्रार्थनेची घंटा होई. कामाला लागायचे कधी, जेवायचे कधी आणि घरी परतायचे कधी, हे त्यावर ठरे. पोर्तुगीज वसईचा दिवसही याच घंटांवर चाले. म्हणजे नाशिकच्या घाटावरची ही घंटा तिच्या पहिल्या आयुष्यात त्या समुद्रकाठच्या शहराचे घड्याळच होती.

मग टॉवरवरचे घड्याळ कशासाठी आले?

ठोका ऐकून तास कळतो, मिनिट कळत नाही. रेल्वे, तारयंत्र, कचेऱ्या आणि गिरण्या आल्या तशी मिनिटांची गरज भासू लागली आणि शहरांच्या मध्यभागी घड्याळाचे मनोरे उभे राहिले. महाराष्ट्रातले त्यातले सर्वांत ठळक उदाहरण मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. त्याची पायाभरणी १८६९ मध्ये झाली आणि काम १८७८ मध्ये संपले. उंची २८० फूट, म्हणजे साधारण ८५ मीटर. आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आणि देणगी कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांची. त्यांनी आईचे नाव टॉवरला दिले. राजाबाई दृष्टिहीन होत्या, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नियम त्या पाळत आणि टॉवरच्या ठोक्यांमुळे त्यांना वेळ कळे, अशी आठवण सांगितली जाते. तबकडी चारी दिशांना दिसत असली, तरी दिसत नसलेल्यांसाठी ठोका लागतोच, हे त्या आठवणीचे सार.

सगळ्यांची वेळ एकच असावी, हे मात्र सहज मान्य झाले नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. तरी मुंबईने आपली स्थानिक वेळ लगेच सोडली नाही. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत या ना त्या रूपात टिकून होती. नाशिक मुंबईच्या थोडे पूर्वेला असल्याने येथील सूर्याची सरासरी वेळ प्रमाणवेळेच्या साधारण ३५ मिनिटे मागे आहे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा रामकुंडावर सूर्य अजून डोक्यावर आलेला नसतो, तो येतो साधारण साडेबाराच्या सुमारास. सूर्योदय धरून चालणाऱ्या पंचांगात स्थळानुसार काही मिनिटांचा फरक करावा लागतो, तो याच कारणाने.

घंटा पूरमापक कशी झाली?

मनगटावर आणि भिंतीवर घड्याळे आली, तसे घंटेचे वेळ सांगण्याचे काम संपले. पण ती जेथे टांगली आहे, त्या जागेने तिला दुसरे काम दिले. मंदिर थेट पूरपात्रात आहे. तटबंदीच्या चार कोपऱ्यांवरील मेघडंबऱ्यांपैकी एक गोदेच्या पुराने नेल्याचे सांगतात. वाढत्या पाण्याला काठावरचे घाट, पायऱ्या, मारुती आणि तटभिंत क्रमाने लागत जातात. या क्रमातली सर्वांत वरची आणि दोन्ही काठांवरून दिसणारी खूण म्हणजे घंटा.

गोदावरीचे मोठे पूर नाशिककरांच्या स्मरणात याच भाषेत आहेत. सप्टेंबर १९६९, सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ हे अलीकडचे मोठे पूर. त्या दिवसांविषयी कोणाही ज्येष्ठ नाशिककराला विचारले तर तो क्युसेकचा आकडा सांगत नाही. सराफ बाजारात पाणी कोणत्या दुकानाच्या पायरीपर्यंत आले, भांडी बाजारात काय वाहून गेले, मारुती दिसत होता की नव्हता आणि पाणी घंटेपासून किती खाली होते, हे सांगतो. ही निव्वळ आठवण नसते. तो त्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी घेतलेला पाण्याच्या पातळीचा आकडाच असतो, फक्त फुटांऐवजी खुणांत मोजलेला.

क्युसेकचा आकडा असताना घंटेकडे कशाला पाहायचे?

क्युसेक म्हणजे दर सेकंदाला वाहून जाणारे एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. विसर्ग १० हजार क्युसेक असेल, तर सेकंदाला सुमारे दोन लाख ८३ हजार लिटर पाणी जाते. दहा हजार लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला रिकामे होत आहेत, असे समजायला हरकत नाही. आकडा अचूक आहे, पण तो प्रवाह सांगतो, पातळी सांगत नाही. नदीकाठच्या दुकानदाराला मात्र हवी असते ती पातळी : माल पहिल्या फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवायचा, की दुकान रिकामे करायचे?

त्याचे उत्तर घंटा आणि मारुती चटकन देतात. कमरेला पाणी म्हणजे घाटावरच्या टपऱ्या हलवायच्या. डोके बुडाले म्हणजे बाजारपेठेने सावध व्हायचे. पाणी घंटेकडे चढू लागले म्हणजे आवराआवर सोडून माणसे हलवायची. त्यासाठी क्युसेक म्हणजे काय, हे माहीत असावे लागत नाही. इशाऱ्याची चांगली यंत्रणा अशीच असावी लागते. ऐकणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याला मनात गणित करायला न लावता पुढे काय करायचे, ते तिने सांगायला हवे.

ही खूण आजही तितकीच खात्रीची आहे का?

येथे सावध राहायला हवे. पाण्याची पातळी फक्त किती पाणी आले यावर ठरत नाही, ते किती रुंद आणि किती खोल पात्रातून जाते यावरही ठरते. पात्रात गाळ साचला, काँक्रीटचे थर चढले, घाट आणि पूल यांनी वाट अडवली, तर तेवढेच पाणी पूर्वीपेक्षा जास्त उंची गाठते. म्हणजे आजोबांच्या काळात पाणी घंटेच्या जवळ येण्यासाठी जितका प्रवाह लागला असेल, तितका आज लागेलच असे नाही. घंटा जागेवर आहे, तिच्याखालची नदी मात्र बदलली आहे. रामकुंड परिसरातल्या जुन्या कुंडांवर झालेल्या काँक्रिटीकरणाचा वाद वर्षानुवर्षे चालू आहे, तो केवळ श्रद्धेचा किंवा सौंदर्याचा नाही. तो या पातळीचाही आहे.

दुसरा बदल वरच्या अंगाला झाला. गंगापूर धरणामुळे पूर्वी थेट येणारे बरेच पाणी आता अडते आणि ठरवून सोडले जाते. पण धरणाच्या खाली, शहर आणि परिसरात पडणाऱ्या पावसावर धरणाचा ताबा नाही. पूर्वी माती आणि शेते ज्या पावसाचा काही भाग मुरवून घेत, तो आता रस्ते, गच्च्या आणि वाहनतळांवरून सरळ नाल्यांत येतो. सरस्वती नाल्याचे पाणी आणि नदीचा फुगवटा एकाच वेळी आला, की दहीपूल आणि सराफ बाजार परिसरात पाणी शिरते. अशा वेळी धरणाच्या विसर्गाचा आकडा लहान असूनही गावात पाणी मोठे असू शकते. म्हणून फक्त क्युसेकवर विसंबणे चुकीचे आणि फक्त घंटेवर विसंबणेही चुकीचे. दोन्ही एकत्र वाचायला हवेत.

पूररेषा काय सांगते?

सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर नाशिकमध्ये पूररेषा आखली गेली. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. येथे ‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फसगत होते. एकदा येऊन गेला, आता २५ वर्षे निवांत, असा त्याचा अर्थ नाही. अर्थ असा, की असा पूर येण्याची शक्यता दर वर्षी चार टक्के असते. सलग २५ वर्षांचा हिशेब केला, तर तो निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के होते. लाल रेषेपर्यंतचा पूर दर वर्षी एक टक्का शक्यतेचा, तरी ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आहे. नदीकाठी घर घेणाऱ्याने व्याजदराइतकाच हा आकडाही विचारायला हवा.

नकाशावरची रेषा डोळ्यांना दिसत नाही, हीच तिची अडचण आहे. ती महसुली नकाशात असते आणि वाद झाला की बाहेर येते. घंटा मात्र रोज दिसते.

घंटा पाहायला जायचे तर?

नाशिक रोड स्थानकावरून पंचवटी साधारण दहा किलोमीटर आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षाने किंवा जुन्या नाशिकच्या बाजारपेठेतून पायी जाता येते. शक्य असेल तर पायीच जावे. सराफ बाजारातून नदीकडे उतरत गेले, की गाव नदीकडे किती झुकलेले आहे हे पायांना कळते आणि पुराचे पाणी बाजारात का शिरते, ते वेगळे सांगावे लागत नाही. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो. त्या दिवशी गर्दी असते, पण काठ खऱ्या अर्थाने नांदता दिसतो.

आधी दुतोंड्या मारुतीजवळ उभे राहून घंटेकडे पाहावे. दोन खुणांच्या उंचीतला फरक लक्षात घ्यावा. तेवढे पाणी या जागेवर उभे असल्याची कल्पना करावी. मग मंदिरात जावे. मुख्य शिखराच्या अंगावर त्याच्याच छोट्या प्रतिकृतींच्या रांगा वर चढत गेलेल्या दिसतात. ही भूमिज शैलीची ओळख. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर पाहिलेल्यांना हे नाते लगेच ओळखू येईल, फक्त गोंदेश्वर यादवकाळातले आणि हे पेशवाईतले. भिंतींवरचे हत्ती, वाघ, माकडे आणि चोचीत माळ धरलेले मोर सावकाश पाहावेत. घंटा पाहताना तिच्यावर दगड किंवा नाणे मारून आवाज काढण्याचा मोह टाळावा. कथील जास्त असलेले कांस्य खणखणीत वाजते, पण तितकेच ठिसूळ असते. चुकीच्या जागी बसलेल्या घावाने त्याला तडा जाऊ शकतो आणि एकदा तडा गेला, की स्वर कायमचा बसका होतो.

पावसाळ्यात पाणी वाढत असताना मात्र घाटावर घंटा पाहायला जाऊ नये. पुलावर गर्दी करून मोबाइलवर चित्रीकरण करणेही तितकेच धोक्याचे असते. त्या दिवशी बचाव पथकांना रस्ता मोकळा हवा असतो.

आता करायचे काय?

सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये ऐन पावसाळ्याच्या दिवसांत येत आहे. गुरू सिंह राशीत असताना, बारा वर्षांनी, नाशिकच्या रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर स्नाने होतात. मोठ्या संख्येने भाविक येतील आणि त्यातल्या बहुतेकांना घाट कोणता, पूल कोणता, हेही ठाऊक नसेल. मारुतीच्या छातीचे आणि घंटेचे गणित त्यांना कोणी शिकवलेले नसेल. नाशिककरांच्या अंगवळणी पडलेली ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी.

त्यासाठी फार खर्च नाही. मारुतीचे गुडघे, कंबर, डोके, मंदिराची तटभिंत आणि घंटेची कड या प्रत्येक खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून घाटावर ठळक मराठी आणि हिंदी फलकांवर लिहिता येईल. त्या उंचीला होळकर पुलाखालचा विसर्ग आजच्या पात्रात साधारण किती असतो, हे शेजारी देता येईल. मोठे काम झाले आणि पात्र बदलले, की हा तक्ता नव्याने करावा. मागच्या मोठ्या पुरांच्या पातळ्या भिंतीवर साल घालून कोराव्यात. अनेक नदीकाठच्या शहरांत अशा पूरखुणा जपलेल्या असतात. आपल्याकडे साल सांगणारी माणसे आहेत, पण ती कायम राहणार नाहीत.

वसईच्या मनोऱ्यावरून या घंटेने गावाला दिवसाची वेळ सांगितली. नाशिकच्या तटावरून ती पाण्याची वेळ सांगत आली. दोन्ही ठिकाणी तिचा उपयोग झाला तो खाली राहणाऱ्या लोकांना तिचा अर्थ ठाऊक होता म्हणून. घंटा सांभाळणे म्हणजे कांस्य पुसून ठेवणे एवढेच नाही. पाणी कोठवर आले म्हणजे काय करायचे, हे पुढच्या पिढीला आणि सिंहस्थाच्या पाहुण्यांना माहीत असणे, हाही त्या सांभाळाचाच भाग आहे.